डोळे मिटल्यावर तुम्हाला खरोखर काही दिसते का?

भूमितीबाई

मी बावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. घनफळाचा धडा आला की मी मुलांना सांगत असे, "डोळे मिटा, एक घन डोळ्यांसमोर आणा, आता त्याचा एक कोपरा कापा." हे 'समजा, क्ष बरोबर पाच' यासारखेच बोलण्याचे एक वळण आहे, असे मी धरून चालले होते. वर्गातली मुले खरोखर काही पाहत असतील, ही शंकाही मला कधी आली नाही.

गेल्या महिन्यात ती आली. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना देवघरात खाली बसता येत नाही, म्हणून त्या दुपारी खुर्चीत बसून मानसपूजा करतात. त्या दिवशी पूजा आटोपल्यावर त्या सहज म्हणाल्या, "आज मोरपिशी शालू नेसवला, पण काठ फिका वाटला, म्हणून बदलला." मी विचारले, "फिका वाटला म्हणजे? रंग तर तुम्हीच ठरवला असेल ना?" त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले आणि म्हणाल्या, "ठरवायचा कशाला, दिसतो की. नुसते रंगाचे नाव नेसवायचे का देवीला?"

त्या रात्री मी डोळे मिटून बराच वेळ प्रयत्न केला. शालू मोरपिशी आहे, त्याला जरीचा काठ आहे, निऱ्या पुढे आहेत, हे सगळे मला *माहीत* होते. पण समोर होता तो फक्त काळोख. देवी नाही, शालू नाही, घनही नाही.

दोन प्रश्न आहेत. तुम्हाला मनात चित्र 'दिसते' म्हणजे नेमके काय होते? आणि मला दिसत नसेल, तर मी बावीस वर्षे भूमिती कशाच्या आधारावर शिकवली?

झाडावरचा_मुंजा

दिसते, आणि इतके दिसते की बंद करण्याची कळ सापडत नाही. जेवताना कोणी शस्त्रक्रियेचे वर्णन सुरू केले, तर मला पान सोडून उठावे लागते. तुमचा काळोख आठवडाभर उसना मिळाला, तर मी आभारी राहीन.

अर्धविराम

'पुस्तकाचे पान डोळ्यांसमोर आले आणि उत्तर वाचून काढले' असे सांगणारी माझी वर्गमैत्रीण थापा मारते, असे मी तीस वर्षे मानत आले. आता तिचा नंबर शोधून तिची क्षमा मागावी लागणार.

जुने_पान

भूमितीबाई, तुमच्याआधी हा धक्का इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांना बसला होता, मात्र उलट्या बाजूने. १८८० साली त्यांनी लोकांना विचारले की, आज सकाळी ज्या मेजावर न्याहारी केली ते मेज आठवा आणि सांगा, चित्र अंधुक आहे की लख्ख, रंग नैसर्गिक आहेत का, सर्व वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतात का. त्यांनी सुरुवात आपल्या ओळखीच्या वैज्ञानिकांपासून केली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मनात असे काही दिसते हेच मान्य केले नाही. त्यांनाही तुमच्यासारखेच ते बोलण्याचे वळण वाटत होते. इतर थरांतल्या लोकांनी मात्र मेजाचे तपशीलवार वर्णन केले.

पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. २०१० मध्ये ब्रिटिश मेंदुविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एमएक्स' या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. हे गृहस्थ ६५ वर्षांचे निवृत्त सर्व्हेयर होते. हृदयाच्या अँजिओप्लास्टीनंतर त्यांच्या मनातली चित्रे एकाएकी गेली. झोपण्यापूर्वी नातेवाइकांचे चेहरे, पाहिलेल्या इमारती मनात आणण्याची त्यांना सवय होती, म्हणून तर काही गेले आहे हे त्यांना कळले. ही हकीकत वाचून 'आमचे जन्मापासून असेच आहे' असे सांगणारे लोक पुढे आले, आणि २०१५ मध्ये झेमन यांनी या स्थितीला 'अफँटेशिया' हे नाव दिले. 'फँटेशिया' हा ॲरिस्टॉटलचा शब्द. मनातील प्रतिमा घडवणाऱ्या शक्तीसाठी त्याने तो वापरला होता. मुंजाभाऊंच्या टोकाला 'हायपरफँटेशिया' म्हणतात.

हा आजार मानला जात नाही. अलीकडच्या एका पाहणीत अगदी पुसट चित्रे दिसणारे धरून शंभरात सुमारे चार लोक असे आढळले; पूर्ण काळोखवाले शंभरात एकाहून कमी. तुमच्या शाळेतल्या प्रत्येक मोठ्या तुकडीत असे एखाद-दुसरे मूल बसलेले असणार.

तर्कट

मला या सर्व प्रकरणाबद्दल मूलभूत शंका आहे. एक जण म्हणतो 'लख्ख दिसते', दुसरी म्हणते 'काहीच दिसत नाही'. पण दोघांच्या डोक्यात घडते ते एकच असून फरक केवळ शब्दांचा असेल, तर तो आपण ओळखणार कसा? हे मोजायला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांची १९७३ ची प्रश्नावली वापरतात. त्यात परिचित व्यक्ती, उगवता सूर्य, नेहमीचे दुकान, एखादा निसर्गदेखावा अशी १६ कलमे आहेत, आणि प्रत्येकाच्या स्पष्टतेला पाचपैकी गुण द्यायचे असतात. माझे पाच आणि मुंजाभाऊंचे पाच सारखेच, हे कोणत्या तराजूवर तोलले? मिसळीला 'फार तिखट नाही' म्हणणारा कोल्हापूरचा असू शकतो आणि मुंबईचाही. त्या वाक्यावरून मिसळीबद्दल काहीही कळत नाही.

सासूबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो की, त्यांनाही रंग 'माहीत'च असेल, आणि त्या माहीत असण्यालाच त्या 'दिसणे' म्हणत असतील.

प्रयोगवही

तर्कट, शंका रास्त आहे, आणि म्हणूनच काही संशोधकांनी माणसाच्या बोलण्यावर विसंबणे सोडून त्याच्या शरीराला विचारले. सिडनीतील जोएल पिअर्सन यांच्या गटाचे तीन प्रयोग येथे उपयोगी आहेत.

पहिल्यात एका डोळ्याला लाल आणि दुसऱ्याला हिरवी आकृती दाखवतात. दोन्ही रंग मिसळत नाहीत. मेंदू एका वेळी एकच पाहतो. आधी काही सेकंद लाल रंगाची कल्पना करायला सांगितले, तर नंतर लाल दिसण्याची शक्यता वाढते, आणि ज्याची कल्पना ठळक त्याचा कल जास्त. अफँटेशिया असलेल्यांत हा कल जवळजवळ नसतो.

दुसरा प्रयोग भीतीचा आहे. अंधाऱ्या खोलीत भयकथा वाचायला देऊन तळव्यांच्या घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजली. इतरांची चढत गेली, या लोकांची जवळपास सपाट राहिली. भीतिदायक छायाचित्रे दाखवली तेव्हा मात्र दोन्ही गटांची सारखीच चढली. म्हणजे हे लोक निर्भय किंवा भावनाशून्य नाहीत, शब्दांतून भीती त्यांच्या अंगापर्यंत पोहोचत नाही इतकेच.

तिसरा प्रयोग २०२२ चा, आणि मला तो सर्वांत देखणा वाटतो. उजेडात डोळ्यातली बाहुली लहान होते, हे सर्वांना ठाऊक आहे. उजळ त्रिकोणाची नुसती *कल्पना* केली तरी ती लहान होते, गडद त्रिकोणाच्या कल्पनेने मोठी होते. अफँटेशिया असलेल्यांत प्रत्यक्ष त्रिकोण पाहताना हा फरक नेहमीसारखा पडला. कल्पना करताना पडला नाही. आता तुम्ही म्हणाल की, त्यांनी प्रयत्नच केला नसेल. पण मेंदूला श्रम पडले की बाहुली थोडी मोठी होते, आणि एकाऐवजी चार आकार मनात आणायला सांगितल्यावर त्यांचीही झाली. प्रयत्न झाला, चित्र आले नाही. तर्कट, मिसळ खाणाऱ्याचे विधान बाजूला ठेवून आपण त्याच्या कपाळावरचा घाम मोजला, असे समजा.

तर्कट

बाहुलीचा प्रयोग मला ठाऊक नव्हता. निम्मी शंका मागे घेतो. उरलेली निम्मी अशी की, त्यावरून दोन प्रकारची माणसे आहेत हे ठरते. 'चित्र' आहे हे ठरत नाही.

पेणकर

आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे आणि माझ्याकडे आखणीचे काम असते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचे. हंगामात मी एका बैठकीत तीस-चाळीस मूर्तींचे डोळे करतो. लोक नेहमी विचारतात की, तुमच्या मनात देवाचा चेहरा आधीच तयार असेल ना? मी संकोचाने 'हो' म्हणून वेळ मारून नेत असे, कारण 'नाही' म्हटले की गिऱ्हाइकाचा हिरमोड होतो.

खरे असे की, मला आधी काहीही दिसत नाही. पांढऱ्यावर वरच्या पापणीची रेघ ओढतो, ती ओढताना श्वास धरलेला असतो. मग बुबुळ, मग त्यातला काळा ठिपका, आणि शेवटी बारीक कुंचल्याने पांढरा कण. तो कण राईइतका सरकला तरी मूर्ती भलतीकडे पाहू लागते. त्या क्षणी 'चुकले' हे मला कळते, आणि ते अगदी खात्रीने कळते. मनात जर नमुन्याचे चित्र नाही, तर चूक मी कशाशी ताडून पाहतो?

माझ्या धाकट्या भावाला मात्र सगळे दिसते. तो डोळे मिटून पुढच्या वर्षीच्या मखरासकट मूर्तीचे वर्णन करतो. त्याच्या हाती आम्ही कुंचला देत नाही.

जुने_पान

पेणकर, ओळखणे आणि मनात उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. चेहरा पाहताच तो कोणाचा हे सांगता येणे, आणि चेहरा समोर नसताना तो आणता येणे, यांतले पहिले तुम्हाला उत्तम जमते. ही कामे फुटून अलग होतात याचा सर्वांत विलक्षण पुरावा कॅनडातील 'सीके' या रुग्णाचा आहे. अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्यांना समोरच्या साध्या वस्तू पाहून ओळखता येईनात. पण त्याच वस्तू आठवून ते त्यांची उत्तम चित्रे काढत. काही काळाने तीच चित्रे त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा हे काय आहे ते त्यांना सांगता आले नाही. चेहरे मात्र त्यांना नीट ओळखू येत. फळा-भाज्यांपासून रचलेले मानवी चेहऱ्याचे एक जुने इटालियन चित्र त्यांना दाखवले, तर चेहरा दिसला आणि भाज्या दिसल्या नाहीत.

भूमितीबाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा धागा 'एमएक्स' यांच्याकडेच सापडेल. एक ठोकळ्यांची आकृती दुसऱ्या आकृतीला फिरवून मिळते का, हे ओळखण्याची चाचणी त्यांना दिली होती. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी दाखवले होते की, दोन आकृत्यांतला कोन जितका जास्त तितका वेळ जास्त लागतो, जणू माणूस मनात ती वस्तू ठरावीक वेगाने फिरवत आहे. हा वेग सेकंदाला सुमारे ६० अंश भरतो. एमएक्स यांची उत्तरे बिनचूक होती, पण त्यांना लागलेला वेळ कोनाबरोबर तसा वाढत गेला नाही. गणित सुटले, रीत वेगळी. तुमचीही काही रीत असणार. ती कोणती, हे तुम्हीच शोधून आम्हाला सांगा.

ओटा_आणि_मी

विद्वज्जनांनी एका घरगुती प्रश्नाचाही निकाल लावावा. आमच्या यजमानांना फडताळात समोर असलेला डबा दिसत नाही. 'हिंग कुठे आहे' असे विचारतात, मी म्हणते 'तुमच्या नाकासमोर', ते म्हणतात 'नाही', मी जाऊन त्यांच्या नाकासमोरून काढून देते. हा अफँटेशिया की आळस?

प्रयोगवही

डबा अलीकडे बदलला आहे का?

ओटा_आणि_मी

हो, पिवळी डबी फुटली म्हणून दिवाळीपासून हिंग काचेच्या बरणीत आहे. तुम्हाला कसे कळले?

प्रयोगवही

मग यजमानांना थोडी सवलत द्या. शोधताना आपण फडताळातली प्रत्येक वस्तू पाहत नाही. जे हवे आहे त्याचा एक साचा मेंदू आधीच तयार ठेवतो आणि त्याच्याशी जुळणाऱ्या रंग-आकाराकडे लक्ष वळवतो. यजमान पिवळी डबी शोधत आहेत. बरणी त्यांच्या दृष्टिपटलावर पडते, पण साच्याशी जुळत नाही म्हणून वगळली जाते. सायमन्स आणि शॅब्रिस यांच्या १९९९ च्या प्रयोगात चेंडूचे पास मोजणाऱ्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधूनच चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नव्हता. त्या मानाने हिंगाची बरणी फारच लहान.

मुळात डोळा काही खोलीचे छायाचित्र टिपत नाही. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहा. अतिस्पष्ट दिसते ते साधारण तेवढेच. बाकीचे सगळे धूसर असते, आणि डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारून तुकडे गोळा करतो. प्रत्येक डोळ्यात एक जागा तर पूर्ण आंधळी आहे. कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर शाईचा ठसठशीत ठिपका द्या, डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच पाहत कागद पुढे-मागे करा. फुटभर अंतराच्या आसपास ठिपका नाहीसा होईल. लक्ष द्या की त्याच्या जागी भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. तो कोरा कागद मेंदूने भरलेला आहे. उघड्या डोळ्यांनी पाहतानासुद्धा आपण बरेचसे असे भरून घेत असतो, त्यामुळे कल्पना आणि दर्शन यांच्यामध्ये पक्की भिंत असावी हा आग्रह मला पटत नाही.

अर्धविराम

फुली आणि ठिपका करून पाहिला. ठिपका गेला. मग ठिपक्याऐवजी आमच्या साहेबांचे पासपोर्ट आकाराचे छायाचित्र ठेवून पाहिले, डोके तेवढे गेले. फार समाधान वाटले.

नकाशावाला

तर्कट यांच्या उरलेल्या निम्म्या शंकेवर तज्ज्ञांत चाळीसहून अधिक वर्षे भांडण चालले, आणि ते वाचण्यासारखे आहे. एका बाजूला स्टीफन कॉसलिन. १९७८ च्या प्रयोगात त्यांनी लोकांकडून एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करून घेतला, त्यात झोपडी, विहीर, झाड वगैरे खुणा होत्या. मग नकाशा मनात आणून एका खुणेवरून दुसरीवर जायला सांगितले. नकाशावरचे अंतर जितके अधिक, तितका वेळ अधिक. त्यांचा निष्कर्ष असा की, मनातल्या चित्रालाही लांबी-रुंदी आहे. दुसऱ्या बाजूला झेनॉन पिलिशिन. ते १९७३ पासून म्हणत आले की, मनात आहेत ती वर्णने आणि ज्ञान. लांब जायला वेळ लागतो हे माणसाला ठाऊक असते, म्हणून तो नकळत तेवढा वेळ घेतो.

या वादात मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट मिलानची आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेले काही रुग्ण डावीकडच्या जगाकडे लक्षच देत नाहीत. ताटातला डावीकडचा भातही तसाच राहतो. १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझाती यांनी अशा दोन रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकाचे वर्णन करायला सांगितले. दोघे त्याच शहरातले, चौक पायाखालचा. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा, म्हटल्यावर त्यांनी मुख्यतः उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून चौकाकडे पाहत आहात अशी कल्पना करा, म्हटले. तर मघाशी गाळलेल्या इमारती आल्या, कारण आता त्या उजवीकडे होत्या, आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. म्हणजे चौक पूर्ण माहीत होता. केवळ माहितीची यादी मनात असती, तर कुठे उभे आहोत यावरून ती अर्धी का व्हावी?

मी हे वाचल्यावर आमच्या गावच्या एसटी स्टँडवर मनाने उभा राहिलो आणि नंतर उलट तोंड केले. रसवंतीगृह खरोखर डाव्या हाताचे उजव्या हाताला गेले. ते जाताना मला जाणवले, आणि थोडी भीतीही वाटली.

तर्कट

नकाशावाला, मिलानचा चौक मान्य. पण त्यावरून निघते ते इतकेच की, मनातल्या गोष्टींना दिशा असते. दिशा असायला रंग आणि उजेड लागत नाहीत. आंधळ्या माणसालाही डावे-उजवे असते.

स्पर्शलिपी

तर्कट, मी तो 'आंधळा माणूस' आहे, तेव्हा बोलतो. जन्मापासून मला दिसत नाही. हा धागा मोबाइल मला वाचून दाखवतो. माझ्या मनात माझ्या घराचा आराखडा आहे आणि तो दरवाजातून वेगळा, गॅलरीतून वेगळा असतो. नकाशावाला यांच्या रसवंतीगृहाप्रमाणे माझा माठही डावीकडून उजवीकडे जातो. त्यात उजेड नाही, पण माठाचा गारवा आणि त्याच्या काठाची गोलाई आहे. १९७६ मध्येच प्रयोग झाले आहेत की, जन्मांध लोकांना हाताने चाचपून आकृती फिरवून ताडायला दिली, तर कोन वाढला की त्यांनाही जास्त वेळ लागतो.

१६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न विचारला होता. जन्मांध माणसाला घन आणि गोल स्पर्शाने ओळखता येतात. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता तो ते ओळखेल का? याचे उत्तर भारतात मिळाले. पवन सिन्हा यांचा प्रोजेक्ट प्रकाश हा उपक्रम आपल्याकडील दृष्टिहीन मुलांवर शस्त्रक्रिया करवून घेतो आणि त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास करतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना पट्टी निघाल्यावर लवकरच तपासले. नजरेने पाहिलेली वस्तू नजरेने जुळवणे त्यांना जमले; हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणे जवळजवळ अंदाजपंचे होते. पण काही दिवसांतच, कोणी शिकवल्याशिवाय, ते जमू लागले.

भूमितीबाई, घन तुम्हाला डोळ्यांसमोर दिसत नसेल, पण मी विचारतो, तो तुमच्या हातात येतो का?

जुने_पान

स्पर्शलिपी, हा प्रश्न इथे कोणाही डोळस माणसाला सुचला नव्हता.

झाडावरचा_मुंजा

एक शंका. मला जर इतके लख्ख दिसते, तर मी कल्पनेला खरे का समजत नाही? जेवताना उठतो खरा, पण शस्त्रक्रिया ताटात चालली नाही हे मला माहीत असते.

प्रयोगवही

उलट फसगत होते, याचा प्रयोग आहे. १९१० मध्ये अमेरिकेत चेव्ज पर्की यांनी लोकांना काचेच्या पडद्याकडे पाहत केळ्याची कल्पना करायला सांगितली, आणि त्यांच्या नकळत मागून पडद्यावर केळ्याची अतिशय मंद प्रतिमा टाकली. लोकांनी ती आपलीच कल्पना समजून तिचे वर्णन केले. गंमत अशी की, मनात आडवे केळे योजलेल्यांना ते उभे दिसले, आणि आपण झाडाला लागलेल्या केळ्याचा विचार करत असू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. लंडनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याच वाटेने जाऊन असे सुचवले की, प्रत्यक्ष आणि कल्पित दोन्ही संकेत मेंदूत एकत्र मिसळतात, आणि त्या मिश्रणाने एक विशिष्ट उंबरठा ओलांडला की मेंदू ते 'खरे' ठरवतो. तुमची कल्पना उंबरठ्याच्या अलीकडे थांबते, म्हणून तुम्ही ताट धुऊन टाकत नाही.

भूमितीबाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. मी या आठवड्यात दोन-तीन प्रयोग केले, त्यांचा वृत्तान्त देते.

जुने_पान यांच्या सांगण्यावरून मी माझी रीत शोधली. बाहेरून रंगवलेल्या घनाचे २७ सारखे तुकडे केले, तर किती तुकड्यांच्या तीन बाजू रंगीत असतील, हे उदाहरण मी शेकडो वेळा फळ्यावर सोडवले आहे. या वेळी ते सोडवताना स्वतःवर पहारा ठेवला. कोपरे आठ, म्हणून तीन बाजूंचे आठ. कडा बारा, प्रत्येकीवर मधला एक, म्हणून दोन बाजूंचे बारा. पृष्ठे सहा, म्हणून एका बाजूचे सहा, आणि पोटातला एक कोरा. काहीही दिसले नाही. पण 'कोपरे' म्हणताना माझ्या उजव्या हाताची बोटे चिमटीसारखी जुळली, आणि 'कडा' म्हणताना तर्जनी हवेत सरकली. स्पर्शलिपी, तो हातात येतो. वर्गात शिकवताना माझे हात सतत हवेत असत आणि मुले मागे नक्कल करत, हे मला माहीत होते. त्या हातांशिवाय मला घनच नव्हता, हे माहीत नव्हते.

दुसरा प्रयोग चित्राचा. अफँटेशिया असलेल्यांना पाहिलेल्या खोलीचे चित्र आठवणीने काढायला सांगितले, तर त्यांत वस्तू आणि रंग कमी असतात, पण वस्तूंच्या जागा इतरांइतक्याच अचूक असतात आणि नसलेली वस्तू ते कमी वेळा घुसडतात, असे मी या काळात वाचले. मी आणि माझ्या बहिणीने आमच्या लहानपणच्या माजघराचे चित्र वेगवेगळे काढले आणि थोरल्या भावाकडे असलेल्या जुन्या छायाचित्राशी ताडले. माझ्या चित्रात कोनाडा, खुंटी आणि दळणाचा डबा जागच्या जागी होते, पण सगळे तारेने बनवल्यासारखे. बहिणीच्या चित्रात भिंतीचा निळसर चुना होता, पितळी डब्यांची चळत होती, आणि खिडकीत एक तुळशीची कुंडी होती. कुंडी छायाचित्रात नाही. बहीण म्हणते, छायाचित्र कुंडी यायच्या आधीचे आहे. भाऊ म्हणतो, खिडकीत कुंडी कधीच नव्हती. ते भांडण अजून चालू आहे.

तर्कट, तुमच्यासाठी सासूबाईंना एक प्रश्न विचारला. देवीच्या हातात बांगड्या किती, ते मोजून सांगा म्हटले. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मोजायला गेले की कमी-जास्त होतात."

तर्कट

हे उत्तर पिलिशिन यांना फार आवडले असते. छायाचित्र असते, तर बांगड्या मोजता आल्या असत्या. सासूबाईंना विचारा की, संख्या ठरत नसूनही त्यांना बांगड्या 'दिसतात' का?

भूमितीबाई

विचारले. त्या म्हणाल्या, "हिरव्या आहेत. आणि त्या तर्कटांना सांग, प्रत्यक्षात माझ्या हातात किती आहेत तेही मला मोजल्याशिवाय सांगता यायचे नाही."

पेणकर

भूमितीबाई, तुमचे वाचून आज मीही पहारा ठेवला. कुंचला न घेता डोळे मिटून आखणी करून पाहिली. चित्र आले नाही, पण वरच्या पापणीच्या जागी माझा श्वास आपोआप थांबला.